शिबिर झालं, पुढच्या महिन्याच्या गोळीचं काय?

गावात कुणाची दारू सोडवायची म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या केंद्रात टाकायचं?" आणि कुणाचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं, तर शेजारचा हळूच सांगतो, "नागपूरले न्या लागते." व्यसनमुक्ती केंद्र नाहीतर मनोरुग्णालय, या दोनच जागा लोकांना माहीत आहेत. दोन्हीकडे जायचं म्हणजे घर, वावर, जनावरं सोडून जायचं. परत आल्यावर नावाला शिक्का बसतो तो वेगळाच. म्हणून घरचे थांबतात. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, आणि दुखणं हाताबाहेर गेलं की मग गाडी भाड्यानं केली जाते.

खरी गोष्ट अशी की यातल्या बहुतेक पेशंटला भरती करावं लागत नाही. उदासी, सततची भीती, झोप उडणं, दारूची सवय, इतकंच काय पण स्किझोफ्रेनियासारखा मोठा आजारही बीपी-शुगरसारखा ओपीडीत सांभाळता येतो. तपासणी, गोळ्या, बोलणं, आणि ठरलेल्या तारखेला परत येणं. यातली शेवटची गोष्टच ग्रामीण भागात सगळ्यात अवघड आहे, आणि सरकारी योजना नेमकी तिथंच ढिली पडते.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर व्यसनांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात आढळलं. ज्यांना दारूचं व्यसन पक्कं जडलंय, अशा ३८ जणांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेले तर १८० जणांत एक.

मनाच्या आजारांचंही तेच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण चित्र सगळीकडे सारखंच निघालं. आजारानुसार शंभरातले ७० ते ९२ जण उपचाराविना होते.

म्हणजे गावात दहा जणांना गरज असेल तर आठ-नऊ जण दवाखान्याची पायरीच चढलेले नाहीत. नवीन केंद्रं बांधून एवढे लोक मावणार नाहीत. त्यांच्यासाठी गावाजवळची ओपीडीच लागेल.

गाव करतं ते उपाय

दारू सोडवायचे गावाचे स्वतःचे उपाय आहेत आणि ते सगळे वाईट नाहीत. माळ घालणं हा त्यातला मोठा. पंढरीची माळ गळ्यात पडली आणि माणूस बदलला, अशी उदाहरणं गावोगावी सापडतात. अडचण वेगळीच आहे. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याचं शरीर दारूवर चालायला लागलेलं असतं. त्यानं एका दिवसात बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काही जण दोन-चार दिवसांत बडबडायला लागतात, नसलेलं दिसतं, माणसं ओळखत नाहीत. गावात याला "बाहेरचं झालं" म्हणतात आणि पेशंट बाबाकडे नेला जातो. प्रत्यक्षात ती दवाखान्यातली तातडीची वेळ असते, आणि उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. माळ जरूर घालावी, पण रोज भरपूर पिणाऱ्यानं आधी डॉक्टरला दाखवून घ्यावं. घरात तीन दिवस कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे न सांगता चहात किंवा भाजीत गोळी घालणं. दारू सोडवण्याच्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांच्यावर दारू पोटात गेली तर उलट्या होतात, चेहरा लाल होतो, धडधड वाढते, बीपी एकदम खाली येतं. पेशंटला माहीत असेल तर तो त्या भीतीनं दूर राहतो. माहीत नसेल तर तो पिणारच, आणि मग जीवावर बेततं. ही गोळी पेशंटच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

बायांच्या बाबतीत आजार ओळखूच येत नाही. डोकं दुखतं, अंग मोडून आलं, चक्कर येते, जेवण जात नाही, असं सांगत बाई वर्षानुवर्षं सुई आणि सलाईन घेत राहते. झोप किती लागते, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, हे तिला कुणी विचारत नाही.

करून पाहिलेलं काम

गावातल्या माणसांना शिकवून हे काम होतं का? होतं. विदर्भातच करून पाहिलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातले आरोग्य कार्यकर्ते लोकांशी बोलायचे आणि धीर द्यायचे. गरज असेल त्याला समुपदेशक भेटायचा. आजार मोठा असेल तर मानसोपचार तज्ज्ञ ग्रामीण भागातल्या ओपीडीत तपासायचा. सुरुवातीला उदासीचा आजार असलेल्या शंभरातल्या जेमतेम ४ जणांनी कुणाची मदत घेतली होती. अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा हा आकडा २७ वर गेला होता. जीव द्यावासा वाटणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूवरचं समुपदेशन करून पाहिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागच्या दोन आठवड्यांत दारूला न शिवलेले, समुपदेशन घेतलेल्यांत शंभरात ४२ होते आणि नुसती नेहमीची तपासणी झालेल्यांत १८. यात दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. जे पीतच राहिले त्यांचं पिण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. आणि हा प्रयोग नुकसान होईल इतकं पिणाऱ्या पुरुषांवर होता. व्यसन पुरतं जडलेले त्यात नव्हते. म्हणजे लवकर गाठलं तर चार वेळा नीट बोलण्यानंही फरक पडतो. उशीर झाला की औषध आणि तज्ज्ञ दोन्ही लागतात.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातही 'आत्मीयता' उपक्रमात गावचेच स्वयंसेवक तयार करण्यात आले. ऐकून घेणं, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवणं आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणं, असं त्यांचं काम. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं चांगल्या कामाचा नमुना म्हणून याची दखल घेतली.

गडचिरोलीचा धडा आणखी वेगळा आहे. त्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू झाल्यावर तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराची क्लिनिकं आणि गावात शिबिरं घ्यावीच लागली. बाटली आडवी करून दुकान बंद होतं. ज्याचं शरीर दारूला सोकावलंय त्याला मात्र उपचारच लागतो. दारूबंदीसाठी लढणाऱ्या महिला मंडळांनी हेही मागायला हवं.

सरकारी योजना आहे, पण

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्याआधी कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सनं तो करून दाखवला होता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचं पथक असावं, त्यांनी रोजची ओपीडी चालवावी आणि ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत जावं, अशी ही रचना. कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात होते. पहिल्या दिवशी शिबिराला गर्दी असते, फोटो निघतो, "इतक्या रुग्णांची तपासणी" अशी बातमी छापून येते. त्यातले किती जण परत आले, हे कुणी विचारत नाही. उदासीची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर पेशंट म्हणतो, "काही फरक नाही," आणि सोडून देतो. ज्याला फरक पडतो तो म्हणतो, "आता बरा झालो," आणि तोही सोडून देतो. बरं वाटल्यानंतरही काही महिने गोळी चालू ठेवायची असते. ती मधेच तुटली तर आजार उलटतो. मग गाव म्हणतं, "सरकारी औषधाला गुण नाही."

आणि माणूस का येत नाही, याचा हिशेब सोपा आहे. पेशंट आणि सोबतीचा एक, अशा दोघांचा रोज बुडतो. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, गड्याला पूर्ण. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असेल तर घरचं कुणी सोबत यायला तयार नसतं. एवढं करून पोचल्यावर "डॉक्टर आज आले नाहीत" किंवा "गोळी संपली, बाहेरून घ्या" असं ऐकलं, की तो माणूस पुन्हा त्या दारात येत नाही. गोळी फुकट असते, पण ती आणायला गेलेला दिवस फुकट नसतो.

कायदा पेशंटच्या बाजूनं आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, सरकारी दवाखान्यांत आवश्यक यादीतली औषधं कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत, असं त्यात लिहिलेलं आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनाच्या तक्रारीही याच कायद्यात बसतात. पेशंटला साखळीनं बांधून ठेवायला बंदी आहे. त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखणं दवाखान्याला बंधनकारक आहे. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, तो प्रचंड तणावात होता असं समजून सरकारनं त्याची काळजी घ्यायची, हेही कायदाच सांगतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी जीवन संपवलं. त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. याला नुसता मनाचा आजार म्हणून चालणार नाही. भाव, कर्ज, पाऊस, पीकविमा ही कारणं गोळीनं सुटत नाहीत, आणि समुपदेशन हे हमीभावाची जागा घेऊ शकत नाही. पण कर्ज दोघांवर सारखं असताना एक तग धरतो आणि दुसरा खचतो, तेव्हा त्या दुसऱ्याला वेळेवर कुणी विचारणारं असणं यात जीव वाचतो.

गावानं काय मागायचं

नवी इमारत मागायची गरज नाही. मागण्या लहान आहेत आणि त्या ग्रामसभेच्या ठरावात बसतात.

पहिली, ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी महिन्यात कोणत्या दिवशी असते, ते फलकावर लिहावं आणि आशाताईंकडे कळवावं. शक्यतो तो दिवस आठवडी बाजाराचा असावा. बाजाराला आलेला माणूस कुणाच्या नजरेत न येता दाखवून जातो.

दुसरी, पेशंट स्थिर असेल तर पुढच्या महिन्याची गोळी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळावी. बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात तशाच.

तिसरी, तारखेला न आलेल्यांची यादी निघावी आणि चार-आठ दिवसांत त्यांची घरी चौकशी व्हावी. "मानसिक रुग्णाचं घर" असा गाजावाजा न करता.

चौथी, शिबिराच्या अहवालात तपासलेल्यांच्या आकड्याशेजारी तीन महिन्यांनी उपचार चालू असलेल्यांचा आकडा असावा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सरपंच आणि सदस्यांनी हाच आकडा विचारावा. एवढा एक प्रश्न दर बैठकीत विचारला तरी फरक पडेल.

हे होईपर्यंत एक दार चोवीस तास उघडं आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. पिणाऱ्याच्या घरच्यांनीही करावा. घरात कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीचं औषध कुलपात ठेवावं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

आणि ज्याचा उपचार सुरू आहे त्याच्या घरच्यांनी गोळीच्या पाकिटावर पुढची तारीख ठळक लिहून ठेवावी. वावरात कितीही काम असलं तरी त्या दिवशी दवाखान्यात जावं.