बुडीत खात्यातील जहाज

आयंबिलच्या ओळीत वाशिम, कारंजा, रिसोडच्या अनेक कुटुंबांत श्रीपाल राजाची कथा श्रद्धेने ऐकली जाते. लोभी धवल शेठ श्रीपालला जहाजावरून समुद्रात ढकलतो आणि नवपदांचे स्मरण करणारा श्रीपाल एका महाकाय जलचराच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्यास लागतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या व्यापारी कुटुंबांचा समुद्राशी पहिला परिचय बहुधा असाच होतो.

आता दुसरा परिचय घडू लागला आहे. सुटीत घरातील तरुण गोव्याला, मालवणला जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात बुडी मारतात. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ एका जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी पर्यटक नित्य उतरतात. सिंधुदुर्गात निवतीजवळ 'गुलदार' या नौदलाच्या जहाजाला जलसमाधी देऊन पाण्याखालील संग्रहालय उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. 1985 मध्ये सेवेत आलेले हे जहाज जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले.

व्यापाऱ्याच्या वहीत बुडालेले जहाज म्हणजे बुडीत खाते. विम्याचा दावा मिळाला की नोंद संपली. समुद्राच्या वहीत मात्र तेथूनच नवे पान उघडते. लोखंडावर प्रथम सूक्ष्म जीवांचा आणि शेवाळाचा थर बसतो, मग कालवे, स्पंज आणि प्रवाळ स्थिरावतात. त्यांच्यामागून लहान मासे निवाऱ्याला येतात, लहानांच्या मागे मोठे. मात्र असे दान स्वच्छ असावे लागते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात प्रवाळांना आधार म्हणून सुमारे 20 लाख जुने टायर टाकले गेले. त्यांची बंधने तुटली आणि लाटांबरोबर घरंगळणाऱ्या टायरांनी जवळच्या नैसर्गिक प्रवाळांचीच हानी केली. म्हणूनच जहाज बुडविण्यापूर्वी त्यातील तेल आणि विषारी द्रव्ये काढून टाकणे आवश्यक ठरते.

अशा जहाजाचे खरे रूप रात्री दिसते. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते, त्यामुळे दिवसा खोलवर सारे निळसर राखाडी भासते. रात्री जवळून विजेरीचा झोत पडताच तोच स्पंज केशरी, तांबडा होऊन उजळतो. दिवसा मिटलेले प्रवाळाचे सूक्ष्म जीव आपले तंतू पसरून अन्न टिपू लागतात. शेवंड आणि अष्टपाद कपारींतून बाहेर येतात. पोपटमाशाच्या काही जाती स्वतःभोवती पातळ चिकट आवरण विणून त्यात झोपी जातात. विजेरी झाकून हात हलविला, तर पाण्यातील सूक्ष्म जीव क्षणभर निळसर चमकून जातात.

पाठशाळेत मुले पाठ करतात की शंख, शिंपला हे द्वींद्रिय आणि मासा हा पंचेंद्रिय जलचर. ती यादी येथे श्वास घेताना दिसते. म्हणूनच येथे जयणा हवी. पायाच्या एका बेफिकीर फटकाऱ्याने कित्येक वर्षांत वाढलेले प्रवाळ मोडते. झोपलेल्या माशाच्या डोळ्यांवर झोत रोखणे ही त्याला पीडाच होय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे, पण श्रावकाचा नियम त्याहून सूक्ष्म आहे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, तिन्हींचा हिशेब तेथे मांडला जातो. प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या नावेचे भाडे देणारा प्रवासी त्या हिशेबाबाहेर राहत नाही.

मुलगा अशा सहलीला निघाला, तर वडीलधाऱ्यांनी केवळ खर्चाची चौकशी करू नये. नाव नांगर कोठे टाकते, माशांना आमिष म्हणून पाव चारला जातो काय, हेही विचारावे. रात्रीची बुडी तर वेगळे प्रशिक्षण घेतल्याविना आणि सोबत्याविना कदापि घेऊ नये. परतताना काचेच्या कपाटासाठी शंख न आणता त्याने रिकाम्या हातांनी यावे.

कथेत श्रीपालला तारणारा जलचरच होता. त्या ऋणाची फेड अजून बाकी आहे.