शरीरातलेच, म्हणून निर्धोक?

चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्री-पुरुषांना ‘बायोआयडेंटिकल’ हार्मोन घ्यायला सांगणाऱ्या एका व्याख्यात्याचे म्हणणे थोडक्यात असे : कंपन्यांची हार्मोने गाभण घोडीच्या मूत्रातून काढतात, आमची वनस्पतीपासून होतात, आमचा रेणू तुमच्या शरीरातल्या रेणूसारखाच असतो, लाळ तपासून आम्ही ज्याच्या त्याच्या डोसचे मलम बनवून देतो, तेव्हा धोका नाही. मला संताप येतो तो यातली निम्मी विधाने खरी आहेत म्हणून. त्यांच्या आडून खोटा निष्कर्ष खपवला जातो.

वनस्पतीचे आधी सांगतो. मेक्सिकोतल्या रानकंदातल्या द्रव्यापासून रसेल मार्कर याने १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवले, ते प्रयोगशाळेत. तो कंद नुसता खाऊन कोणाच्याही शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. लाळेतली पातळी तर दिवसभरात वरखाली होते. तिच्यावर डोस ठरवणे म्हणजे अंदाजपंचे.

आता मुख्य मुद्दा. रेणू शरीरातलाच आहे म्हणून तो अपाय करणार नाही, हे कोणी ठरवले? ज्या स्त्रीची पाळी उशिरा जाते, तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. तिच्या शरीरात तर बाहेरचा एक कणही गेलेला नसतो. तिच्याच अंडाशयातले हार्मोन तिथे अधिक वर्षे काम करत राहिलेले असते. पुरुषाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन द्या, अगदी तंतोतंत त्याच्या शरीरातले. पिट्यूटरी ग्रंथी अंडकोषांना संदेश पाठवणे थांबवते आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. मूल हवे असलेल्या किती तरुणांना ताकदीसाठी इंजेक्शन देताना हे सांगितले जाते? रक्त दाट होऊ शकते, हे तरी? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हे मी आनंदाने मान्य करतो. पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी जाणे वाढले, हेही त्याच चाचणीत आहे.

गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ मध्येच उघड झाले. त्याआधीची काही वर्षे ‘कायम तरुण राहा’ असे सांगून ते सर्रास खपवले गेले होते. आज तोच जुना वाद नव्या कपड्यात परत आला आहे. अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन पुरेसे पोचावे लागते, आणि त्वचेवर चोळायच्या घरगुती मलमातून ते तेवढे पोचेल याची हमी कोण देणार?

अमेरिकेतली २००२ ची मोठी चाचणी हा व्याख्याता दोन्ही हातांनी वापरतो. १६,६०८ स्त्रिया, सरासरी वय ६३, घोडीच्या मूत्रातली इस्ट्रोजेने आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले. कंपनीच्या गोळ्यांची भीती घालायला हा आकडा. आणि स्वतःचे मलम विकताना ‘तो अभ्यास आमच्या औषधाचा नव्हताच’ ही पळवाट. बरोबर आहे, नव्हताच. मग तुमच्या मलमाचा अभ्यास कुठे आहे?

हार्मोनच नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शरीरातलेच एस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन मान्यताप्राप्त जेलमध्ये आहे, तेच मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन गरोदरपणात आपल्याकडे वर्षानुवर्षे लिहून देतात आणि ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळते. त्यासाठी खास मलमवाल्याकडे जायची गरज नाही. पन्नाशीत अंगातून वाफा निघतात, झोप उडते, तिथे योग्य तपासणीनंतर त्यांनी आराम पडतो. पुरुषांत सकाळच्या दोन रक्ततपासण्यांत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघाले आणि लक्षणेही असली, तर उपचार करावा.

बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांनी ऐन तिशीत गर्भपिशव्या काढून घेतल्याची बातमी २०१९ मध्ये राज्यभर गाजली. अशा शस्त्रक्रियेत ज्यांची अंडाशयेही गेली, त्यांना अचानक आलेली रजोनिवृत्ती आणि पुढे ठिसूळ होत जाणारी हाडे सोसावी लागतात. हार्मोनची खरी गरज त्यांना आहे आणि त्यांच्यापर्यंत एकही व्याख्याता जात नाही. तुमच्या घरात, शेजारात पंचेचाळिशीच्या आत अंडाशये काढलेली स्त्री असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि इस्ट्रोजेनबद्दल स्पष्ट विचारा.