आतून उघडणारं दार

“ते दार आतून उघडत नाही, थांबा, मी बाहेरून उघडतो.” हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की ऐकणारा दचकतही नाही. गाडीला चरा पडला तर आपला जीव कासावीस होतो, पण मागच्या दाराचं लॉक बिघडलं की घरातली माणसं सवय करून घेतात. कुणी काच खाली करून हात बाहेर घालतं, कुणी सरकत सरकत दुसऱ्या बाजूने उतरतं. मला ही सवय जिवावर बेतणारी वाटते. आणि ती मोडणं बऱ्याचदा आपल्याच हातात असतं.

दाराचं लॉक म्हणजे चोराला अडवणारी वस्तू, असं आपण धरून चालतो. त्याचं खरं काम त्याहून मोठं आहे. धडक बसताना दार उघडू द्यायचं नाही आणि धडक बसून गेल्यावर ते उघडलं पाहिजे. अमेरिकेत 1950च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अपघातांच्या नोंदी तपासल्या. दार उघडून रस्त्यावर फेकल्या गेलेल्यांत मरणाचं प्रमाण आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पुढे 1956च्या मॉडेलांपासून फोर्डने गाड्यांना जास्त पक्कं लॉक द्यायला सुरुवात केली. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पूर्ण लागलेल्या लॉकने 11,000 न्यूटन ओढ सोसायला हवी, म्हणजे अकराशे किलोच्या वर भार. दार अर्धवट लागलेलं असेल तरी 4,500 न्यूटनपर्यंत त्याने सुटता कामा नये. दार लावताना दोनदा ‘खट’ होतं ते यासाठी.

उघडण्याची बाजू मुंबईकरांना समजावून सांगायला नको. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. पाणी चढू लागलं की काचेच्या मोटरचा आणि सेंट्रल लॉकिंगचा भरवसा धरता येत नाही. उरतं ते हाताने ओढायचं हँडल. वीज गेली तरी लॉक हाताने उघडता यावं, ही सोय आपल्याकडे जुलै 2019पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. पण हँडल ओढल्यावर आतला दांडाच हलत नसेल तर ती सोय काय कामाची?

आमच्या गाडीचं मागचं डावं दार असंच आतून उघडेनासं झालं. तिथे आई बसते. तिचे गुडघे दुखतात, तिला सरकून दुसऱ्या बाजूला जाता येत नाही. एका रविवारी मी आणि लेकीने ते लॉक घरीच बदललं.

त्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहावं, आणि सगळ्यात आधी चाइल्ड लॉक. दाराच्या कडेला लॉकजवळ एक छोटा खटका असतो. गाडी धुताना तो चुकून खाली सरकला तरी दार आतून उघडत नाही आणि लोक गॅरेज गाठतात. दार आतून उघडतं पण बाहेरून नाही, तर बाहेरच्या हँडलच्या दांड्याची प्लास्टिकची क्लिप तुटली असण्याची शक्यता जास्त. रिमोट दाबल्यावर बाकीची दारं लागतात आणि एकच मख्ख राहतं, तर त्याची मोटर किंवा वायर पाहावी. दार बंद असूनही आतला दिवा विझत नसेल तर बऱ्याच गाड्यांत लॉकमधलाच बारीक स्विच खराब झालेला असतो. क्लिप काही रुपयांत मिळते, तिच्यासाठी अख्खं लॉक बदलू नये.

दाराचं पॅड काढायला ताकद लागत नाही, धीर लागतो. आधी काच पूर्ण वर घ्यायची आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. काही नव्या गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. तशी गाडी असेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावं. हँडलमागचा आणि हात टेकायच्या जागेतला स्क्रू बहुधा छोट्या झाकणाखाली दडलेला असतो. तो राहिला आणि पॅड ओढलं, तर पॅडच तडकतं. स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप उचकटत यायचं. आत पातळ प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. मेकॅनिक घाईत तो टराटरा फाडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दारात काचेवरून पाणी उतरतंच. ते खालच्या भोकांतून बाहेर जावं आणि गाडीच्या आत येऊ नये, एवढ्यासाठीच तो कागद असतो. तो हळुवार सोलून तसाच्या तसा परत लावायचा.

लॉक दाराच्या कडेवर सहसा तीन स्क्रूंनी धरलेलं असतं. कारखान्यात त्यांना पक्कं धरणारं रसायन लावलेलं असतं, म्हणून बरोबर मापाचा बिट घट्ट दाबूनच फिरवावा. डोकं गुळगुळीत झालं की पुढे सगळं अवघड होतं. दाराच्या तळाशी एक जुनं फडकं पसरावं, म्हणजे निसटलेला स्क्रू पत्र्याच्या पोटात हरवत नाही. पत्र्याच्या कडा धारदार असतात, तेव्हा हातमोजे हवेतच.

आमचं लॉक बाहेर आलं तेव्हा लेकीने टॉर्च धरला होता. “बाबा, इथे तडा गेलाय,” ती म्हणाली. आतल्या हँडलची केबल चांगली होती, पण ती ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला ओढते ती मुळाशीच तुटली होती. भोवतालचं ग्रीस वाळून पिवळट खडा झालं होतं, त्यात धूळ रुतली होती. एरवी मऊ फिरायची पट्टी त्या खड्यावर रोज जोर लावून अखेर मोडली असणार, असा माझा अंदाज.

नाना पेठेतल्या दुकानदाराने जुनं लॉक हातात घेऊन आधी कनेक्टरच्या पिना मोजल्या. “साहेब, एकाच मॉडेलला दोन-तीन प्रकार येतात. जुनं बघितल्याशिवाय मी देतच नाही,” तो म्हणाला. असा दुकानदार भेटणं भाग्याचं. लॉकच्या बाबतीत कंपनीचाच पार्ट घ्यावा असं माझं ठाम मत आहे. भंगारातल्या लॉकने आधी किती पावसाळे काढलेत ते कळत नाही, आणि स्वस्त डुप्लिकेट लॉक किती ओढ सोसेल हे आपल्याला घरी तपासता येत नाही.

नवं लॉक बसवल्यावर दार लगेच लावायचं नाही, ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. दार उघडं ठेवूनच लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, दोन्ही खटके पडेपर्यंत. मग आतलं हँडल ओढून आकडा सुटतो का पाहायचं. पुन्हा फिरवायचा आणि बाहेरचं हँडल, मग रिमोट, मग चाइल्ड लॉक, असं एकेक करून बघायचं. रिमोट तपासायला बॅटरी जोडावी लागते, तेवढी सवड ठेवावी. एकदा दार लागून अडकलं की लॉकचे स्क्रू दाराच्या फटीत दडतात आणि पॅडही नीट निघत नाही.

आकड्यावर पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे तिथे टिकत नाही, उलट असलेलं ग्रीस धुऊन नेतो. पॅड बसवण्याआधी काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते दाराच्या खालच्या भोकांतून नीट बाहेर पडतंय ना, तेवढं बघावं. आमची दोन भोकं चिखलाने बुजलेली निघाली. काडीने ती मोकळी केली, आणि तेव्हापासून जूनच्या आधी चारही दारांची भोकं लेकच साफ करते.