व्याख्येच्या आडून मक्तेदारीला मोकळे रान

अमेरिकेच्या सहाव्या सर्किट अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी इंटरनेट सेवेवरील समान वागणुकीचे नियम रद्दबातल ठरविले. तारांची मालकी असलेल्या कंपन्यांनी कोणाचाही मजकूर अडवू नये, मुद्दाम मंदावू नये आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये, एवढेच हे नियम सांगत होते. पत्र कोणाचे हे पाहून टपालखात्याने ते उशिरा पोहोचवू नये, तितकीच ही साधी अपेक्षा.

निर्णय येताच नियमनमुक्तीचे कैवारी असे भासवू लागले, की प्रश्न केवळ कायद्याच्या शब्दार्थाचा होता आणि तो आता सुटला. परंतु या शब्दार्थाचा इतिहास काय सांगतो? अमेरिकी दळणवळण कायद्यानुसार ‘दूरसंचार सेवा’ देणाऱ्यावर सर्वांना समान वागविण्याचे बंधन येते. ‘माहिती सेवा’ देणारा त्यातून सुटतो. २००२ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने केबलवरील इंटरनेटला ‘माहिती सेवा’ ठरविले आणि कंपन्या सुटल्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आधार होता १९८४ च्या शेव्हरॉन खटल्यातील तत्त्वाचा: कायदा संदिग्ध असेल तर सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा. ट्रम्प राजवटीत डिसेंबर २०१७ मध्ये झालेली नियमांची मोडतोडही २०१९ साली याच तत्त्वावर बहुतांशी वैध ठरली. मोडायचे होते तोवर यंत्रणेचे तज्ज्ञत्व पूज्य होते! त्या तत्त्वाने २०१६ साली नियमांचेही रक्षण केले होते. कदाचित तोच त्याचा अपराध. एप्रिल २०२४ मध्ये कमिशनने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम पुन्हा आणले, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉन तत्त्वच मोडीत काढले, आणि जानेवारीत नियमही गेले. कायद्याचे शब्द तेच राहिले. बदलला तो अर्थ लावण्याचा अधिकार.

‘लोकमता’चा आधार घेणाऱ्यांनी २०१७ ची आठवण ठेवावी. त्या वेळी कमिशनकडे सुमारे २ कोटी २० लाख सूचना आल्या. त्यांपैकी जवळजवळ १ कोटी ८० लाख बनावट होत्या, असे न्यूयॉर्कच्या महान्यायवादींच्या २०२१ च्या चौकशीत आढळले. बनावट सूचना दोन्ही बाजूंनी होत्या, हे खरे. नियमांच्या बाजूच्या ७७ लाख तर एकट्या विद्यार्थ्याने रचल्या होत्या. परंतु नियमांविरुद्धच्या सुमारे ८५ लाख सूचनांमागे ब्रॉडबँड उद्योगाने पैसा ओतला होता, आणि सामान्य नागरिकांची नावे त्यांच्या संमतीविना वापरली गेली होती. मक्तेदार भांडवल जनमतही ठेक्याने बनवून घेते!

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात वणवा पेटला असता सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाची जोडणी व्हेरायझनने मंदावली, आणि वेग पूर्ववत होण्यासाठी दलाला महागडी योजना घ्यावी लागली. ही ग्राहकसेवेतील चूक होती, नियमांशी तिचा संबंध नाही, असा खुलासा कंपनीने केला. चूक असेलही, पण अशा चुकीचा जाब विचारण्याचा आपला अधिकार कमिशनने त्याच जूनपासून सोडून दिला होता.

आणि डेमोक्रॅट? २००९-१० आणि २०२१-२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद व काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्यांच्या हाती होती. तरीही हे तत्त्व त्यांनी स्पष्ट शब्दांत कायद्यात घातले नाही. २०२१ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत तर कमिशनमधील निर्णायक जागाही त्यांना भरता आली नाही. तारा खाजगी मालकीच्याच राहाव्यात यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. वाद आहे तो मालकाला सौजन्य शिकवावे की नाही एवढाच. जे संरक्षण उरले ते राज्यांत. कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा न्यायालयात टिकला आणि कंपन्यांना २०२२ मध्ये आपला दावा मागे घ्यावा लागला.

भारतात फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांना बंदी घातली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळे बारगळली. हा विजय लाखो नागरिकांच्या दडपणाने मिळाला होता. मात्र त्यालाही आधार आहे तो नियामकाच्या आदेशाचा आणि २०१८ साली सरकारने मान्य केलेल्या परवान्यातील अटींचा. मोठ्या ॲपवाल्यांनी जाळ्याच्या वापराचा मोबदला द्यावा, ही मागणी दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने येथेही पुढे रेटलेली आहे.