गोल्डफिश नको, गावची मासोळी हवी!

शाळेच्या वर्गात मासे पाळून पोरांना पाण्याची किंमत शिकवावी, हे मला एकदम पटतं. पण मित्रांनो, त्या काचेच्या पेटीत दुकानातला गोल्डफिश कशाला? आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोहळ्यांनी तलाव बांधले, ढिवरांनी त्यात मासेमारी केली. नवेगावबांध त्यातलाच. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पुढे कित्येकांत गाळ साचला, बेशरम माजली. म्हणून पाणी गावतलावाचंच आणा, मासोळीही तिथलीच. पाण्यातला ऑक्सिजन घटला की ती वर येऊन तोंड उघडते. मग पोरं विचारणारच, आपल्या तलावात काय चाललंय? उत्तर द्यायला एखाद्या ढिवर आजोबांनाच वर्गात बोलवा. गुरुजींनी तेवढा वेळ बाकावर बसावं!