मॉरिशसची वनस्पतिबाग शेतकऱ्यानें कशी पाहावी

अलीकडे बागाईतदारांच्या घरचीं माणसें सुटीच्या दिवसांत समुद्रपार सहलीस जाऊं लागलीं आहेत. सिंगापूर, श्रीलंका, बाली, मॉरिशस हीं नांवें आतां गांवच्या पारावरहि ऐकूं येतात. ह्या प्रवासास कोणी उधळपट्टी म्हणतात, तर कोणी तें प्रतिष्ठेचें साधन समजतात. आमचें मत ह्या दोहोंहून निराळें आहे. पदरीं पैसा असून ज्यास चार दिवस विसावा हवा असेल, त्यानें तो अवश्य घ्यावा. परंतु शेतकरी उष्ण कटिबंधांतील बेटावर जातो, सात दिवस वाळूंत बसून परत येतो, आणि तेथील वनस्पतिबाग पाहत नाहीं किंवा केवळ छायाचित्र काढण्यापुरती पाहतो, ही गोष्ट आम्हांस खटकते. वकिलानें किंवा व्यापाऱ्यानें असें केलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. ज्याचा प्रपंच झाडापिकावर चालतो त्यानें तसें करूं नये. ह्या लेखांत मॉरिशस बेटाचेंच उदाहरण घेऊन आमचें म्हणणें मांडतों.

मॉरिशसच घेण्याचें कारण असें कीं, तें बेट आपल्यास वाटतें तितकें परकें नाहीं. तें विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे. आपलें नाशिक उत्तरेस तितक्याच अंशांवर आहे. सूर्याचा कल तोच, मात्र ऋतु उलटे. आपल्याकडे थंडी पडते तेव्हां तेथें उन्हाळा, आणि आपल्याकडे पेरण्या उरकतात त्या सुमारास तेथें उसाची तोड सुरू होते. तेथील खडकहि आपल्याच जातीचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्या भूगर्भांतील तप्त स्थानांतून दख्खनचा काळा पाषाण वर आला, त्याच स्थानांतून पुढें फार उशीरां मॉरिशस व रेयूनियन हीं बेटें निर्माण झालीं, असें भूस्तरशास्त्रज्ञ मानतात. पावसाची गोष्टहि ओळखीची वाटावी अशी आहे. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर भरपूर पाऊस टाकतात, आणि पलीकडचा पश्चिम किनारा पर्जन्यछायेंत सांपडून कोरडा राहतो. सह्याद्रि ओलांडून माणदेशांत उतरणाऱ्या माणसास हा प्रकार नव्यानें समजावून सांगावा लागत नाहीं.

ह्या बेटाची राजधानी पोर्ट लुई. तेथून ईशान्येस सुमारें अकरा किलोमीटरवर पाम्प्लेमूस येथें वनस्पतिबाग आहे. १९८८ पासून तिला सर शिवसागर रामगुलाम ह्यांचें नांव आहे. बागेचा विस्तार सुमारें नव्वद एकर. बहुतेक प्रवासी तेथें दोन गोष्टी पाहून परततात. एक, तळ्यांतील राक्षसी कमळ; त्याचें परातीसारखें काठ वळलेलें पान चार-पांच फूट रुंद होतें आणि फूल पहिल्या रात्रीं पांढरें व दुसऱ्या रात्रीं गुलाबी दिसतें. दुसरी, तालीपोट नांवाचा ताड. तो कित्येक दशकें वाढतो, एकदांच फुलतो आणि फळें देऊन मरतो. ह्या गोष्टी प्रेक्षणीय आहेत ह्यांत शंका नाहीं. परंतु शेतकऱ्यानें पाहावयाची बाग ह्याच्या पलीकडे आहे.

ह्या बागेचा आरंभ शोभेसाठीं झालेला नाहीं. फ्रेंच अमदानींत गव्हर्नर माए द ला बूर्दोने ह्यानें १७३५ च्या सुमारास ही जागा घेतली, ती जहाजांस व वसाहतीस भाजीपाला पुरविण्यासाठीं. पुढें १७६७ सालीं प्येर प्वाव्र नांवाचा अधिकारी कारभारी म्हणून आला. त्या काळीं लवंग व जायफळ ह्यांचा व्यापार डच कंपनीनें आपल्या मुठींत ठेविला होता. लवंग अंबोइना बेटांत आणि जायफळ बांदा बेटांतच पिकावें म्हणून इतरत्र उगवलेलीं झाडें ती कंपनी तोडून टाकी. प्वाव्रचे ह्यापूर्वींचे प्रयत्न फसले होते. आणलेलीं रोपें जगलीं नव्हतीं. परंतु त्यानें चिकाटी सोडिली नाहीं. १७७० सालीं व त्यानंतरच्या दुसऱ्या फेरींत त्याच्या माणसांनीं मोलुक्का द्वीपसमूहांतून लवंगेचीं व जायफळाचीं रोपें आणिलीं आणि तीं ह्या बागेंत रुजलीं. त्याच्यामागून १७७५ पासून १८१० पर्यंत निकोला सेरे ह्यानें बाग सांभाळली. रोपें आणण्याचा मान प्वाव्रला मिळाला. तीं जगविण्याचें, फळास आणण्याचें आणि दूरदूरच्या वसाहतींस वांटण्याचें पस्तीस वर्षांचें काम सेरेचें. आमच्या मतें ह्या दोघांत शेतकऱ्यानें लक्षांत ठेवावयाचें नांव सेरेचें होय.

ह्या हकीकतीचा शेवट अधिक बोधप्रद आहे. लवंगेनें मॉरिशस श्रीमंत झालें नाहीं. त्या बेटावर वारंवार चक्रीवादळें होतात, आणि त्यांत मसाल्याचीं उंच झाडें टिकत नाहींत. ऊंस मात्र आडवा पडूनहि पुन्हां उठतो. म्हणून लवंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ह्याच बेटांकडून झांजीबारकडे गेली, तेथें ती रुजली व वाढली, आणि मॉरिशसनें ऊंस धरला. झाड बागेंत जगणें ही एक गोष्ट आणि तें त्या प्रांताचें पीक होणें ही दुसरी. ह्या दोहोंमधलें अंतर वारा, मजूर, बाजार व काळ हे ठरवितात.

हें अंतर न ओळखल्यामुळें काय होतें, तें आपल्या देशांतील शेतकऱ्यांनीं व्हॅनिलाच्या बाबतींत अनुभविलें आहे. व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोंतील. दुसरीकडे ती फुलते पण फळत नाहीं, कारण फुलाची रचना अशी आहे कीं परागसिंचन आपोआप घडत नाहीं. १८४१ सालीं शेजारच्या रेयूनियन बेटावर एदमों आल्ब्यूस नांवाच्या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें व अंगठ्यानें तें करण्याची युक्ति शोधून काढली. आजहि जगांतील व्हॅनिला बहुतांशीं त्याच रीतीनें, एकेक फूल हातीं घेऊन, पिकविली जाते. २००० सालानंतर मादागास्करमधील वादळांमुळें तिचा भाव आकाशास भिडला, आणि केरळ व कर्नाटकांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं वेली लाविल्या. वेलीस शेंगा धरेपर्यंत भाव कोसळला होता. वेल खोटी नव्हती, लागवडहि चुकली नव्हती. बाजाराचा हिशेब कोणी मांडला नव्हता. म्हणून बागेंत एखादी वेल पाहून जो मनांत एकरी उत्पन्नाचे आंकडे मांडूं लागतो, त्यास आम्ही थांबावयास सांगूं.

मग शेतकऱ्यानें तेथें पाहावें तरी काय? जायफळाचें झाड घ्या. त्यांत नर व मादी झाडें वेगळीं असतात आणि बियांपासून केलेल्या रोपाची जात तें फुलेपर्यंत कळत नाहीं. तोंवर सहा-आठ वर्षें गेलेलीं असतात. म्हणून कलमाचें महत्त्व. हें ज्ञान आपल्याकडेहि आहे. दापोली येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठानें जायफळाची ‘कोकण सुगंधा’ ही जात दिली आहे, आणि रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें नारळाच्या बागेंत मसाल्याचीं झाडें लावण्याची ‘लाखी बाग’ पद्धति पुढें आणिली आहे. पाम्प्लेमूसला जाणाऱ्यानें तेथील झाडाची सांवली, आंतील ओल, पालापाचोळ्याचा थर, झाडाझाडांतील अंतर हें बारकाईनें पाहावें, टिपून घ्यावें, आणि परत आल्यावर भाट्ये किंवा दापोली येथें जाऊन ताडून पाहावें. अशा पाहण्यास आम्ही शेतकऱ्याचें पाहणें म्हणतों.

उसाविषयीं तर आपला व त्या बेटाचा जुना व्यवहार आहे. ताहिती बेटाकडील जाड ऊंस मॉरिशसला आला होता. ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन स्लीमन ह्यानें १८२७ सालीं तो तेथून हिंदुस्थानांत आणिला. पुढें १९१२ सालीं कोइमतूर येथें ऊंस-पैदास केंद्र निघालें आणि आपल्या हवेस मानवतील अशा जाती येथेंच तयार होऊं लागल्या. आज आपल्या मळ्यांतून सर्वत्र दिसणारी को ८६०३२ ही त्याच परंपरेंतली. मॉरिशसनेंहि १९५३ सालीं आपली स्वतंत्र ऊंस-संशोधन संस्था काढली. वनस्पतिबागेजवळच बो प्लां येथें १९९९ सालीं बंद झालेल्या साखर कारखान्यांत २००२ पासून ऊंस व साखर ह्यांचें संग्रहालय आहे. बाग व हें संग्रहालय मिळून एक दिवस पुरतो. आपल्या सहकारी कारखान्यांच्या सभासदांनीं तर तें चुकवूंच नये.

तेथें आणखी एक गोष्ट दिसेल. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले आहेत. ते माणसांच्या हातांनीं वेंचलेले दगड आहेत. बाग व मळे प्रथम गुलामांनीं केले; १८३५ सालीं तेथें गुलामगिरी बंद झाली. तिच्या आगेंमागें, १८३४ पासून, करारानें बांधलेले हिंदी मजूर नेण्यास सुरुवात झाली, आणि पुढील सुमारें ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर माणसें तेथें उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले आपले मराठी लोकहि होते. त्यांच्या वंशजांनीं तेथें मराठी भाषा व गणेशोत्सव राखिला आहे, आणि गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे लोक उतरले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थानांत गणला जातो. बाग पाहावयास जाणाऱ्या मराठी शेतकऱ्यानें त्या घाटाच्या पायऱ्याहि पाहाव्या. हिरवळीचें मोल कोणीं भरलें, हें शेतकऱ्यास समजलें पाहिजे.

आतां ज्या एका मुद्द्यासाठीं आम्ही हा लेख मुख्यतः लिहीत आहों, त्याकडे वळूं. परदेशांतून परतणारीं माणसें कपड्यांच्या घडींत एखादी फांदी, रुमालांत चार बिया, डब्यांत मुळासकट रोप घेऊन येतात व मोठ्या कौतुकानें दाखवितात, असें ऐकण्यांत येतें. ह्या कौतुकांत आम्ही भागीदार होऊं शकत नाहीं. १९१४ च्या कायद्यापासून आणि पुढें २००३ च्या आदेशानें परवान्यावांचून व निर्यात करणाऱ्या देशाच्या आरोग्य-दाखल्यावांचून लागवडीचा माल देशांत आणण्यास बंदी आहे. आणि ही बंदी शेतकऱ्याच्याच रक्षणासाठीं आहे. मॉरिशसचा अनुभव पाहा. १७६२ सालीं टोळांवर उपाय म्हणून हिंदुस्थानांतून साळुंक्या तेथें नेल्या. त्यांनीं टोळ खाल्ले हें खरें. पण आज त्याच साळुंक्या तेथील मूळच्या पक्ष्यांस उपद्रव देतात व तणांचें बीं पसरवितात. १९११ सालीं तेथें उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी आढळली. ती बार्बाडोस बेटांतून, बहुधा उसाच्या बेण्याबरोबर, आली होती. पुढें तिच्यावर जगणारी गांधीलमाशी तिच्याच मूळ देशांतून मुद्दाम आणावी लागली. आपल्याकडील घाणेरीची कथा तर प्रत्येकाच्या बांधावर उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती शोभेचें झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिबागेंत आली, आणि आज डोंगर व गायरानें व्यापून बसली आहे.

येथें कोणी विचारील कीं, प्वाव्रनें तरी दुसरें काय केलें? त्यानेंहि चोरूनच रोपें आणिलीं ना? प्रश्न रास्त आहे. परंतु प्वाव्रनें मोडला तो एका कंपनीचा मक्ता. आज पेटींत फांदी लपविणारा मोडतो तें आपल्या शेजाऱ्याच्या शेताचें कुंपण. त्या फांदीच्या सालीखालीं कोणती अळी आहे, मातींत कोणती बुरशी आहे, हें तिच्या मालकास ठाऊक नसतें, आणि रोग पसरल्यावर नुकसान एकट्या मालकाचें होत नाहीं. खरोखरच एखादी जात उपयोगी वाटली तर तिचें नांव व गुण टिपून घ्यावे आणि कृषि विद्यापीठास कळवावे. संस्थेनें ती रीतसर मागवावी, अलग ठेवून तपासावी व मग वांटावी. वेळ लागेल, सेरेलाहि लागला होता.

शेवटीं दोन सूचना करतों. पहिली अशी कीं, परदेशची बाग पाहण्यापूर्वीं घरची पाहावी. पुण्यास गणेशखिंड येथें १८७३ सालची वनस्पतिबाग आहे. कलकत्त्याजवळ शिवपूर येथें १७८७ सालची आहे. ज्यानें तेथें एक दिवस घालविला असेल त्यास मॉरिशसला काय विचारावें हें आपोआप सुचेल. दुसरी सूचना आपल्या संघासाठीं आहे. जे सभासद सहलीस जातात त्यांनीं परत आल्यावर मासिक सभेंत आपल्या टिपणवहींतील मजकूर वाचून दाखवावा: झाडाचें नांव, जमीन, पाऊस, लागवडीची रीत, आणि आपल्याकडे तें चालेल किंवा न चालेल ह्याविषयीं आपलें मत. एकाच्या खर्चानें शंभरांस ज्ञान झालें तर त्या प्रवासास उधळपट्टी म्हणण्याचें कोणास कारण उरणार नाहीं. पुढील हंगामापर्यंत अशीं दोन-तीन टिपणें आमच्याकडे आलीं, तर तीं ह्याच पानांवर छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.