सातवं माणूस

सात माणसांची गाडी घ्यायची असं घरात एकदा ठरलं की मायलेज, सनरूफ, रंग, हप्ता या सगळ्यावर चर्चा झडतात. सातवं माणूस नेमकं कोण, हा विषय मात्र कधीच निघत नाही. गाडी बघायला तिघं-चौघं जातात. एकजण स्टिअरिंगमागे बसतो, एकजण त्याच्या शेजारी, बाकीचे मधल्या सीटवर ऐसपैस. मागचं दार उघडून तिसऱ्या ओळीकडे एक नजर टाकली की झालं. "मागे काय, मुलं बसतील!"

मुलं मागे बसत नाहीत हो. निदान पहिल्या अर्ध्या तासानंतर तरी नाही. त्यांना पुढचं दिसायला हवं असतं, आईजवळ बसायचं असतं, चिप्सचं पाकीट हवं असतं. पुढची सीट बाबांची किंवा सासऱ्यांची, मधली आजी आणि नातवंडांची. मग मागे जातं कोण? घरातली न भांडणारी माणसं. धाकटी जाऊ, कॉलेजातला भाचा, आणि "मला काय, कुठेही चालेल" म्हणणारी मावशी. गाडी निवडताना यातलं कुणीच हजर नसतं.

म्हणून गेल्या काही महिन्यांत मी एक उद्योग केला. जिथे जिथे सात आसनी गाडी दिसली (शोरूममधली, मित्राची, टॅक्सीवाल्याची) तिथे थेट तिसऱ्या ओळीत जाऊन दहा-पंधरा मिनिटं बसलो. शोरूममधला मुलगा दर वेळी गोंधळायचा. "सर, ड्रायव्हर सीटवर बसून बघा ना!" :-) माझं मत असं झालंय की आपल्याकडे सात आसनी एसयूव्ही म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात, त्यातल्या बहुतेक खरं तर पाच माणसांच्या आहेत. उरलेल्या दोन जागा म्हणजे पाव्हण्याला बसायला दिलेलं स्टूल.

आपण लेगरूम बघतो, म्हणजे गुडघे पुढच्या सीटला टेकतात का ते. ते बघावंच, पण खरी गोम त्यात नाही. गोम आहे ती सीट फरशीपासून किती वर आहे यात. घरातली साधी खुर्ची जमिनीपासून साधारण दीड फूट वर असते, म्हणून पाय खाली सोडून मांडी सीटवर टेकते. एसयूव्हीच्या तिसऱ्या ओळीत हे अंतर इतकं कमी असतं की गुडघे छातीकडे येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळं वजन माकडहाडावर. पाटावर बसल्यासारखं. फरक इतकाच की पाटावर निदान मांडी घालता येते.

असं का होतं, तर एसयूव्हीचं एसयूव्हीपणच त्याला कारणीभूत आहे. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन यांसारख्या गाड्यांत शिडीसारखी पोलादी चौकट असते आणि तिच्यावर गाडीचं अंग बसवलेलं असतं. तिसऱ्या ओळीच्या आसपास, खालून, मागचा अॅक्सल जातो आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शिअलचा गोळा असतो (ट्रकच्या मागे चालताना दिसतो, तोच). खड्ड्यात चाक वर आलं की या सगळ्याला वर सरकायला जागा लागते. मग फरशी उचलावी लागते. फरशी वर गेली, पण छत त्या प्रमाणात वर नेता येत नाही, कारण मग गाडी रुबाबदार दिसत नाही. मधल्या मध्ये चेपलं जातं ते बसणारं माणूस. एक्सयूव्ही ७०० किंवा नवी सफारी यांना अशी वेगळी चौकट नाही, पण गाडी उंच ठेवायचीच असते, खाली टाकी, सायलेन्सर, जादा चाक असतंच. त्यामुळे फरक पडतो, पण थोडाच.

आता एक गंमत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितका जास्त तितकी आत जागा जास्त, असं आपण धरून चालतो. २०२१ ची सफारी २७४१ मिलिमीटर. फॉर्च्युनर २७४५. एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन, दोन्ही २७५०. आणि मारुतीची एर्टिगा? २७४०. म्हणजे सफारीपेक्षा एक मिलिमीटर कमी! बाहेरून मात्र एर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब आणि सफारी त्याहून सुमारे पाव मीटर जास्त. फॉर्च्युनरची किंमत तर तिपटीहून अधिक. तरी तिसऱ्या ओळीत तासभर बसायची वेळ आली तर मी डोळे मिटून एर्टिगा निवडीन. कारण तिचं बॉनेट छोटं, इंजिन छोटं, फरशी खाली. बाहेरून फुशारकी मारण्यात वाया गेलेली जागा नाही.

या बाबतीत आपल्याकडे आदर्श आधीच होता. क्वालिस २००० साली आली, दिसायला पावाच्या डब्यासारखी. सरळसोट काचा, उंच छत. २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. इनोव्हाची मधली सीट पुढे-मागे सरकते, ही मला तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. मधल्या ओळीतल्या माणसाने चार बोटं पुढे सरकायचं मनावर घेतलं की मागचा माणूस सुटतो. इनोव्हाच्या २०१६ च्या क्रिस्टाला चौकट होती, तरीही मागे मोठी माणसं बसत, कारण मुळात ती माणसं न्यायला बनवलेली. पुढे हायक्रॉसने चौकट सोडली, व्हीलबेस २८५० वर नेला, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिली आणि मागची फरशी आणखी मोकळी झाली. एक्सयूव्ही ७०० इतकी सुखसोयींनी भरलेली, पण २०२१ मध्ये आली तेव्हा तिची मधली ओळ सरकत नव्हती. म्हणजे मधल्याला दया आली तरी उपयोग नाही.

घाटातली गोष्ट वेगळीच. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना गाडी लागते ती आधी मागच्याला. मागच्या चाकांवर बसलेलं असल्याने प्रत्येक हिसका तिथे जास्त बसतो. समोर सीटची पाठ, बाजूला हल्लीच्या फॅशनप्रमाणे वर चढत गेलेली, बशीएवढी काच. बाहेरचा रस्ता दिसला नाही की डोळे सांगतात स्थिर आहोत आणि कान सांगतात फिरतोय. मग आवळासुपारी कितीही चघळा. त्यात एसीचा झोत मागे पोचत नसेल तर बघायलाच नको. क्वालिसच्या मोठ्या काचांची आठवण येते ती इथे.

जुन्या सुमोत (१९९४) किंवा पहिल्या सफारीत (१९९८) मागे एकमेकांकडे तोंड करून बसायच्या आडव्या सीट असत. गाणी म्हणायला, पत्ते खेळायला झकास, हे खरं. पण गाडी थडकली तर आडवं बसलेलं माणूस कशाला धरणार? बोलेरो निओतही २०२१ साली अशाच सीट आल्या, हे मला खटकलं. आणि समोर तोंड करून बसलं तरी बऱ्याच गाड्यांत डोकं आणि मागची काच यांत वीतभर अंतर उरतं. बसून हात मागे नेऊन बघा एकदा.

आत शिरणं हा आणखी एक सोहळा. मधली सीट दुमडायची, वाकायचं, एक पाय आत, डोकं सांभाळायचं, आणि हे सगळं साडीत. सहा आसनी गाडीत मधल्या दोन सीटमधून वाट मिळते, ती मला कितीतरी बरी वाटते. एक जागा कमी होते खरी, पण मावशी कुणाला "उतरता का जरा" म्हणून न विनवता आत जाऊ शकते. कॅरेन्समध्ये बटण दाबलं की मधली सीट आपोआप उलटते, हेही चांगलं.

हे सगळं इतकं उगाळतोय, कारण त्याचा परिणाम मी एकाहून जास्त घरांत पाहिला आहे. दोन-तीन सहली अशा झाल्या की मागे बसणारं माणूस हळूच म्हणायला लागतं, "तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते." कारण कधी उपवास, कधी पाहुणे येणार. गुडघ्यांचं कुणी सांगत नाही. सांगितलं तर नवीन गाडीला नाव ठेवल्यासारखं होतं ना! आणि गाडी घेतलेली असते सगळ्यांनी मिळून जाता यावं म्हणूनच. मग सातच्या गाडीतून पाचजण जातात, तिसरी ओळ पाडून तिच्यावर बॅगा ठेवतात आणि "जागा काय मस्त आहे" म्हणतात.

बॅगांचंही तेच. सगळ्या सीट उभ्या असताना ट्रायबरच्या डिक्कीत ८४ लिटर जागा, एर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६, हायक्रॉसमध्ये ३००. ८४ लिटर म्हणजे दोन-तीन सॅक. पण ट्रायबर चार मीटरच्या आतली, आणि तिच्या मागच्या सीट चक्क काढून घरी ठेवता येतात, त्यामुळे तिला मी माफ करतो. ती निदान खोटं बोलत नाही.

उंच गाडीची हौस मला कळते. कोकणातल्या गावी जायचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता जांभ्या दगडांचा असेल तर उंची लागतेच. ज्यांच्या घरात चारच माणसं आणि तिसरी ओळ वर्षातून दोनदा स्टेशनपर्यंत लागणार, त्यांनी खुशाल एसयूव्ही घ्यावी. पण दर दिवाळीला सातजण कोल्हापूर किंवा रत्नागिरी गाठणार असतील तर 'व्हॅनसारखी दिसते' म्हणून नाक मुरडलेल्या गाड्यांकडे परत वळावं. आणि टेस्ट ड्राइव्हला मावशीला न्यावं. पंधरा मिनिटं मागे बसवून गाडी स्पीडब्रेकरवरून काढावी, आणि उतरल्यावर तिला दोनदा विचारावं, कारण पहिल्यांदा ती "छान आहे की" असंच म्हणणार.